काय खाल्लं ते सांगा

ईशान आणि मैत्रेयी,

तुम्ही दोघांनी संगणकावर तयार केलेलं माणिकदादाचं चित्र मिळालं. मागे रणगाडा, आभाळभर आगीचे लोळ, हातात बंदूक, छातीवर पदकांची रांग आणि ओठावर भरघोस मिशी. तुमची आई म्हणाली, शाळेत प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका शूर माणसाबद्दल बोलायचं आहे, त्यासाठी हे केलंय. मी तेव्हा 'छान आहे' म्हणाले. पण नंतर दोन दिवस ते चित्र मला टोचत राहिलं. दादाला मिशी नव्हती. पदकांची रांगही नव्हती. बंदूक त्याने जेमतेम दोन वर्षं धरली, त्याआधी तीन वर्षं खडू धरला, आणि ज्या गोष्टीसाठी मी त्याला शूर म्हणते ती खडूच्या वर्षांतली आहे. त्याचा आवाज ऐकलेली माणसं आता थोडी उरली आहेत. ती संपली की तुमचं मिशीवालं चित्रच खरं ठरेल. तसं मी होऊ देणार नाही, म्हणून हे आत्ता लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. आयुष्यभर मी तेच शिकवलं. पण यातलं एकही माणूस इंग्रजीत बोलत नव्हतं आणि त्यांच्या तोंडी परकी भाषा घालणं मला जमणार नाही. शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा.

आमचं गाव केदारखेड्यापासून चालत तासाभराच्या अंतरावर. घरात आम्ही पाच माणसं. माझे वडील, म्हणजे आप्पा. आई, तिला आम्ही माय म्हणत असू. आप्पांचे थोरले भाऊ, आबा. त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. मग माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणिकदादा आणि शेवटी मी, विमल. मला 'विमल' म्हणून हाक मारणारा घरात एकटा दादा. बाकी सगळ्यांची मी इमल. सकाळी पहिला आवाज जात्याचा, दुसरा आबांच्या खाकरण्याचा, आणि तिसरा शाळेच्या घंटेचा. ही घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. कडुलिंबाच्या झाडाला तारेने टांगलेला. जालन्याहून तो कोणी आणि कसा आणला हे गावात कोणी विचारत नसे. दादा औरंगाबादेहून बी.ए. होऊन आला, गावातला पहिला पदवीधर. लोकांना वाटलं, आता तो तहसील कचेरीत चिकटेल. तो आमच्या गावच्याच दोन खोल्यांच्या शाळेत मास्तर झाला. आबा बाजारात सांगत सुटले, "येवढा खर्चा केला, पोरगं फिरून त्याच लिंबाखाली आलं." दादा हसून म्हणायचा, "आबा, लिंबाची सावली थंड राहते."

त्याची हजेरी घ्यायची एक तऱ्हा होती. सगळीकडे मुलं 'हजर' म्हणतात. दादाने तो शब्द शाळेतून काढून टाकला. नाव पुकारलं की मुलाने उभं राहून आज सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. "भाकर आन् ठेचा, गुरुजी." "कालची भाकर, ताक, गुरुजी." "येसराची आमटी आन् भाकर." कोणी "दूधभाकर" म्हणालं की बाकीचे त्याच्याकडे असे बघत, जणू तो घोड्यावरून आलाय. आणि काही मुलं खाली बघून म्हणत, "काई न्हाई, गुरुजी." दादा त्यावर काही बोलत नसे. हजेरीपटावर तो सगळ्यांसारखीच त्यांच्या नावापुढे खूण करी. पण मधल्या सुट्टीत ती मुलं पाण्याची घागर भरायला म्हणून आमच्या घरी पाठवली जात आणि माय त्यांना चुलीपाशी बसवून जेवू घाली. घागर भरायला दोन मुलं पुरतात. कधी सहा येत. आबांनी एकदा विचारलं, "एका घागरीला सहा माणसं?" माय म्हणाली, "घागर जड हाय, भाऊजी."

या मुलांत सगळ्या वस्त्यांची मुलं असत, आणि आमच्या चुलीपाशी कोणी बसावं याबद्दल तेव्हा गावात ठाम मतं होती. शेजारच्या घरांनी काही दिवस आमच्याकडचं विरजण नेणं बंद केलं. मायने दही जास्त झालं म्हणून कढी केली आणि तीही त्या मुलांनाच वाढली. हा सगळा पराक्रम आवाज न करता चालला होता. तुमच्या चित्रात रणगाड्याच्या जागी ही घागर हवी होती.

मला इंग्रजी दादाने शिकवलं, तेही पुस्तक नसताना. गावात इंग्रजी अक्षर होतं ते खताच्या पोत्यांवर, संकरित बियाण्यांच्या पिशव्यांवर आणि खोकल्याच्या बाटल्यांवर. तो पोतं भिंतीला टांगे आणि मला वाचायला लावी. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हे माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य. पुढे महाविद्यालयात मोठमोठी काव्यं वाचली, पण त्या वाक्याइतकं स्वच्छ काही लागलं नाही. मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात दादाचं लष्करातून बोलावणं आलं. महाविद्यालयात असताना त्याने कवायत केली होती, मागाहून कधीतरी अर्ज भरला होता. तो का गेला हे मला आजही नीट माहीत नाही. आप्पांना त्याने सांगितलं, पगार बरा आहे. मला सांगितलं, पाच वर्षांनी परत येतो, लिंब कुठे पळून जात नाही. तुमच्या शाळेत कोणी 'देशासाठी' असं कारण विचारलं तर सांगा, आजीला माहीत नाही. खोटं सांगू नका.

निघताना तो आप्पांपुढे उभा राहिला. "आप्पा, विमल मॅट्रिक झाल्याशिवाय तिच्या लग्नाचं बघायचं न्हाई. मला शब्द द्या." आप्पा कमी बोलत. निजामाच्या काळात ते चार इयत्ता उर्दू शिकले होते आणि जे काही पक्कं असे ते उर्दूत सांगत. ते म्हणाले, "बिलकुल." आबांनी तेवढ्यात पानाला चुना लावायला घेतला. त्यांनी शब्द दिला नाही, हे मी पाहून ठेवलं.

मी सातवीनंतर रोज चालत केदारखेड्याच्या शाळेत जाऊ लागले. दादाने घालून दिलेला नियम असा की त्याला पत्र लिहायचं ते इंग्रजीत आणि वर न चुकता तारीख घालायची. तो ते पत्र तांबड्या शाईने तपासून परत पाठवी. लष्करातला माणूस तंबूत बसून बहिणीच्या चुका काढतोय, याचं आमच्या पोस्टमनला, भिकनभाईंना, मोठं कौतुक. ते गावात शिरताना पिंपळापासून सायकलची घंटी वाजवत येत आणि आमच्या दारात म्हणत, "इमल, तुम्हारे मास्टर ने फिर तुमको नापास किया."

मग लढाई सुरू झाली. मी नववीत होते. कापूस फुटला होता आणि वेचणीसाठी मला शाळेतून घरी ठेवलं होतं. एका सकाळी घंटी पिंपळापासूनच न थांबता वाजत आली. मायच्या लुगड्याच्या ओट्यात कापूस होता, ती तशीच धावली. दादाचं पत्र होतं, मराठीत, मायच्या नावाने, चार ओळी. मी खुशाल आहे. थंडी फार आहे. माझ्या हाताखालच्या माणसांची हजेरी मी शाळेसारखीच घेतो. तुझ्या हातचा शिरा आठवतो.

मायने ते माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग ओटा तिथेच रिकामा केला आणि म्हणाली, "चल." दिवाळीचा उरलेला रवा होता, तूप होतं, साखर शेजारून आणली. मोठ्या पितळी पातेल्यात तिने शिरा केला, आणि आम्ही दोघींनी पातेल्याच्या कड्यांतून फडकं घालून ते शाळेत नेलं. दादाच्या जागी आलेले गुरुजी गोंधळले. मायने त्यांना हजेरी पुन्हा घ्यायला सांगितली. गुरुजींनी नाव पुकारलं की मुलगा उठे, हातावरचा शिरा चाटत, आणि म्हणे, "शिरा, गुरुजी." पटावरची सगळी नावं झाली. त्या दिवशी एकाही मुलाने 'काई न्हाई' म्हटलं नाही. माय दाराला टेकून ऐकत होती. तिचा तो चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. संध्याकाळी मी दादाला पत्र लिहिलं, वर तारीख घालून, शिऱ्याची सगळी हकिकत सांगून.

लढाई संपली. गावात मारुतीपुढे गूळ वाटला. त्यानंतर काही दिवसांनी भिकनभाई आले ते सायकल हातात धरून, पायी, घंटी न वाजवता. पिंपळापासून आमच्या दारापर्यंतची ती शांतता मला अजून ऐकू येते. त्यांनी तार हातात दिली, तिच्यावर तीन ओळी होत्या. गावात इंग्रजी वाचणारी मीच. दादा गेल्याचं त्यात होतं, कोणत्या दिवशी ते नव्हतं. ऐकलं त्या दिवसापासून घराने सुतक धरलं. देह आला नाही. तिकडेच अंत्यसंस्कार झाल्याचं मागून कळलं.

साधारण महिन्याने दोन गोष्टी आल्या. एक त्याची ट्रंक, तिच्यात इतर कपड्यालत्त्यासोबत माझं ते शिऱ्याचं पत्र, न उघडलेलं. दुसरी त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं टंकलिखित इंग्रजी पत्र, आप्पांच्या नावाने. ओसरीवर सगळे बसले आणि मी ते वाचून मराठीत सांगू लागले. आपला मुलगा धाडसाने लढला, वगैरे. त्याची एक सवय आम्हाला विसरता येणार नाही, तो रोज सकाळी जवानांना 'हजर आहात का' असं न विचारता काय खाल्लं ते विचारी. तो गेला त्या सकाळीही त्याने विचारलं होतं. आणि मग ती ओळ आली. त्या सकाळची तारीख. आकड्यात नव्हती, अक्षरांत होती. मी माझ्या पत्रावर घातलेली तीच तारीख.

मी ती ओळ गाळली. आप्पांना आकडे वाचता येत, इंग्रजी अक्षरं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. मायकडे त्या वर्षातला एकच चांगला दिवस उरला होता. ती तो पुन्हा पुन्हा काढून बघत असे; चुलीपाशी बसून मध्येच म्हणे, "समदे पोरं शिरा म्हनले, न्हाई का?" त्या दिवसात मी मरण कसं घालणार होते? पत्र मी ट्रंकेत ठेवलं आणि तोंड मिटलं.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात कर्तं माणूस गेलं की लग्नाजोगी मुलगी वर्षाच्या आत उजवायची. वर्ष उलटलं तर मग तीन वर्षं घरात मंगलकार्य करायचं नाही. दादाचे दिवस होतात न होतात तोच आबांनी हिशेब मांडला. "वर्षाच्या आत इमलचं उरकलं पाह्यजे. मंग तीन वर्सं बसल घरी, घोडी होईल." आप्पा म्हणाले, "माणिकला शब्द दिला व्हता." आबा म्हणाले, "माणिक हाय का आता शब्द मागायला?" असं बोलून त्यांनाच रडू फुटलं. वाईट माणूस नव्हते ते. दादाच्या जाण्याने घर खचत होतं आणि एखादं मंगल काम घडवून ते त्याला टेकू लावू पाहत होते. त्या टेकूचं लाकूड मी होते, एवढंच.

जुन्या जालन्यातलं एक कापड दुकानदाराचं स्थळ आलं. लग्न उन्हाळ्यात व्हायचं, पण विहिरी आटल्या, मग पाऊसच पडला नाही. तो दुष्काळ तुम्ही पुस्तकात वाचाल. मुलाकडचे म्हणाले, वऱ्हाडाला पाणी कुठून पाजणार, तुळशीच्या लग्नानंतर बघू. असं करत करत मी दहावीत गेले. घरात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायला लागली, तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना तुटे. मी सकाळी ती खाऊन शाळेत जात होते आणि वर्गात पहिली येत होते. एक दिवस आबा केदारखेड्याहून जोशीकाकांना, म्हणजे आमच्या भटजींना, पंचांगासह घेऊन आले. मुहूर्त निघाला. तार आली त्या तिथीला वर्ष पुरं होत होतं, मुहूर्त त्याच्या चार दिवस आधीचा. "बराबर बसतंय," आबा म्हणाले.

मी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोजलं. खरी तिथी होऊन गेली होती. वर्ष सरलं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. ती तिथी आली आणि गेली तेव्हा घरात कोणी काही केलं नव्हतं. मी एकटीने घागर भरून आणली होती आणि लिंबाखाली ओतली होती. आता बोलले तर माझी तीन वर्षं माझी होती. पण मायचा शिऱ्याचा दिवस जाणार होता. चार दिवस मी हे दोन्ही तोलत राहिले आणि खरं सांगते, मी ठरवू शकले नाही. ठरवलं ते पाहुण्यांनी.

सुपारी फोडायला मुलाकडचे पाचजण आले. सकाळची वेळ, ओसरीवर सतरंजी, मधोमध ताटात सुपारी आणि अडकित्ता, कडेला पंचांग घेऊन जोशीकाका. सुपारी फुटली की शब्द पक्का. मायने आणि मी चहा केला. मला बाहेर बोलावलं, नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं. मग मुलाचे वडील पाय लांब करून म्हणाले, "पोरगी इंग्रजी वाचती म्हने. आमच्या दुकानात कापडाच्या ठाणावर इंग्रजीच छापेल ऱ्हातं. वाचून दाखव की जरा काई."

त्यांच्याबरोबरचा एकजण हसला. "तिला काय, आमच्यापैकी कोनाला कळनार हाय? काई बी वाचल."

आबा म्हणाले, "जा, इमल. ते पोतं आन खताचं."

मी आत गेले. माय चुलीपाशी होती. मी ट्रंक उघडली तसं तिने वळून पाहिलं. मी पत्र घेऊन बाहेर आले आणि उभी राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत वाचलं, सावकाश, दादाने शिकवलं होतं तसं, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर उच्चारून. मग मराठीत सांगितलं. ती ओळ आल्यावर थांबले नाही. तारीख सांगितली.

जोशीकाकांचं बोट आधी हललं. त्यांनी पंचांग उघडलं, गेल्या वर्षीचं घरातून मागून घेतलं, पान चाळलं, ओठ हलवत मोजलं. मग म्हणाले, "आबा, मंग तर वर्ष होऊन गेलं. आठ-धा दिवस झाले."

"आपुन ऐकल्या दिसापून धरलंय," आबा म्हणाले.

"तिथी ठाऊक नव्हती म्हून धरलं. आता कळल्यावर तीच धरावी लागती."

आबा माझ्याकडे वळले. "वरीसभर काऊन न्हाई सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दाराआड चुलीपाशी बसलं होतं.  आबांनी मग तेच म्हटलं जे मघाशी पाहुणा म्हणाला होता. "कागदावर काय हाय ते कोनाला ठाऊक? पोरीला लगन करायचं न्हाई. तिनं वाचलं तसं."

 मला राग आला होता, आणि तो आबांचा नव्हता. दादाने मला वाचायला शिकवलं ते या लोकांनी 'काई बी वाचल' म्हणावं म्हणून नव्हे, याचा राग होता. मी म्हणाले, "आबा, जालन्याला न्या हा कागद. ज्याला वाचता येतं त्याला दाखवा. एक अक्षर खोटं निघालं तर उद्याच उभी राहते बोहल्यावर."

तेव्हा माय बाहेर आली. आबांच्या समोर पदर सावरल्याशिवाय ती कधी उभी राहिली नव्हती. त्या दिवशी तिच्या हाताला पीठ होतं आणि पदर खांद्यावरच होता.

"कुठं न्यायचा न्हाई कागद," ती म्हणाली. "त्या दिवशी मी शिरा केल्ता."

कोणालाच काही कळलं नाही. ती आबांकडे बघत होती. "भाऊजी, माझ्या लेकीनं वाचलं ते खरं हाय. वरीसभर तिनं ते एकटीनं गिळलं, का ते मला कळलं, तुमाला न्हाई कळायचं. माणिकची माय मी हाय. त्याचं वरीस कवा सरलं ते मी सांगन. सरलं. आता तीन वर्सं ह्या घरात मांडव पडनार न्हाई. रीत तुमचीच हाय."

आप्पा इतका वेळ खांबाला टेकून होते. त्यांनी वाकून ताटातली सुपारी उचलली, अख्खी, आणि खिशात टाकली. "बिलकुल," ते म्हणाले.

पाहुणे चहा पिऊन गेले. मुलाच्या वडिलांनी जाताना मला म्हटलं, "पोरी, वाचतीस मात्र चांगलं," आणि ते मनापासून म्हटलं. तो मुलगाही वाईट नव्हता. तुमच्या आईच्या लग्नाचं कापड मी त्याच्याच दुकानातून घेतलं आणि त्याने भाव कमी केला नाही.

ते गेल्यावर मी चुलीपाशी गेले. माय भाकरी थापत होती, मिलोची, कडा तुटत होत्या.

"त्या दिवशीच का गं?" तिने विचारलं.

"व्हय."

"सकाळीच?"

"सकाळी. हजेरी घेतल्यावर."

 एक भाकर तव्यावर करपली. मग म्हणाली, "म्हंजी तिकडं त्यानं इचारलं आन् इकडं पोरांनी सांगितलं." आणि तव्यावरची भाकर उलटली.

मला वाटलं होतं, मी तिचा तो दिवस मोडला. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पितळी पातेलं घासायला काढलं. रवा नव्हता, साखर नव्हती. मिलोचं पीठ होतं आणि गूळ होता. आबा म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या दिवसाला गोडधोड शाळेत वाटतं का कोनी? लोकं काय म्हनतील." माय म्हणाली, "लोकाच्याच पोरायला वाटून राह्यली मी." दुष्काळात त्या वर्षी शाळेत निम्मी मुलं 'काई न्हाई' म्हणत होती. त्या दिवशी ती सगळी 'शिरा' म्हणाली, जरी तो तांबडा, चिकट आणि शिऱ्यासारखा मुळीच नव्हता. पुढच्या वर्षापासून ती योग्य दिवशी करू लागली, आणि तिसऱ्या वर्षी पातेल्याची दुसरी कडी धरायला आबा आले.

मला कोणी कोणी विचारलं आहे, भावाच्या मरणाचा आधार घेऊन तू लग्न मोडलंस, तुला काही वाटत नाही का. नाही वाटत. दादा जिवंत असता तर त्याने तेच केलं असतं, फक्त त्याला कागद लागला नसता. माझ्या तीन वर्षांत मी मॅट्रिक झाले, औरंगाबादेला गेले, आणि तीन वर्षं संपली तेव्हा मला घरी बसवायचं धाडस कोणात नव्हतं. मी पुढे जालन्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पहिल्या तासाला कोणत्याही वर्गात मी 'हजर' म्हणू दिलं नाही. नोकरीत मला त्याबद्दल दोनदा लेखी विचारणा झाली. दोन्ही वेळा मी लेखी उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तशीच हजेरी घेतली.

तेव्हा ते चित्र शाळेत दाखवायचं असेल तर दाखवा, पण मिशी काढा. त्याच्या हातात खडू द्या. आणि कोणी विचारलं की या माणसाने काय केलं, तर सांगा की तो मुलांना काय खाल्लं ते विचारायचा आणि उत्तर ऐकून गप्प बसायचा नाही.

गावची ती शाळा अजून आहे. पटावर आता थोडीच मुलं आहेत आणि ती बंद करायच्या गोष्टी दरवर्षी निघतात. दरवर्षी मी पत्र लिहिते. रुळाचा तुकडा लिंबालाच आहे. त्या अधिकाऱ्याचं पत्र आणि माझं न उघडलेलं पत्र माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, एकाच पाकिटात आहे. आप्पांनी उचललेली सुपारी त्याच पाकिटात आहे. पितळी पातेलं शाळेला दिलं. डिसेंबरात त्या सकाळी मी जालन्याहून रवा, साखर आणि तूप घेऊन जाते, बाई हजेरी घेतात, आणि मुलं एकेक करून उठून 'शिरा' म्हणतात.